सिझेरियनच्या व्रणात गाठ लागल्यास काय करावे
सिझेरियननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी टाक्यांच्या कडेला सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली आणि ती पाळीच्या दिवसांत ठणकू लागली, तर दुखणे अंगावर काढू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्यानेही असे होते. कॅलेंडरवर पाळीच्या तारखेशेजारीच ठणका, सूज किंवा तपकिरी स्राव यांची नोंद करा, कारण हर्निया वा गळू यांपासून हा आजार वेगळा ओळखायला तिचीच मोठी मदत होते. नागपुरात डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) स्त्रीरोग विभागात ती नोंद दाखवून सोनोग्राफीविषयी विचारा. गोळ्यांनी बहुधा तात्पुरताच आराम पडतो. भोवतालच्या निरोगी भागासह गाठ काढून ती तपासणीला पाठवणे हा मुख्य उपचार आहे.