जतच्या गावात गरिबी मोजताना

उत्पन्न नको, खर्च विचारा. भाजी-तेलाचा 7 दिवसांचा, धान्याचा 30, कपडे-शाळेचा 365 दिवसांचा. घरची ज्वारी, फुकटचं रेशन गावातल्या भावाने धरा. ते सुटलं की बरी घरंही गरीब ठरतात. सगळं रोजच्या हिशोबात आणून माणसांवर भागा.

जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा जून 2025 पासून माणशी रोज 3 डॉलर, पण 2021 च्या क्रयशक्तीने, म्हणजे अमेरिकेत डॉलरला जेवढं येतं तेवढंच इथे किती रुपयांत येतं त्या हिशोबाने. बाजारातल्या डॉलरच्या दराने रुपये केलेत तर ती कितीतरी वर जाते. शिवाय 2021 नंतरची महागाई मिळवा.

ऊसतोडीला गेलेली कुलूपबंद घरं गाळू नका, परतल्यावर गाठाच! नेमकी तीच मोजायची असतात.

पुढच्या अंदाजासाठी टक्केवारीची सरळ रेघ ओढू नका. प्रत्येक घराचा खर्च महागाई वगळून वाढवा, पुन्हा मोजा. रेषेलगत घरं दाट असतील तर आकडा झपाट्याने उतरतो. रेषेच्या खूप खाली असतील तर फारसा हलत नाही.