गजबजलेल्या बंदरात पहिल्यांदा पॉवरबोट नेताय?
आदल्या रात्रीच चार्ट (समुद्री नकाशा) उघडून बसा, चॅनेल (जहाजांचा ठरलेला मार्ग) कुठून शिरतो आणि कुठला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) कुठल्या हाताला ठेवायचा ते लिहून काढा, कारण हा नियम जगभर सारखा नाहीये, आयएएलए या आंतरराष्ट्रीय संस्थेने खुणांसाठी जगाचे दोन रिजन केलेत, रिजन ए मध्ये आत जाताना लाल बोया डावीकडे आणि बी मध्ये उजवीकडे. इंधनाचे तीन भाग धरा, जायला, यायला आणि राखीव. भरती-ओहोटी बघा, उजेडात पोचा. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) १६ नंबरवर चालू ठेवा, चॅनेलची उजवी कड सोडू नका. आणि प्लीज, मोठ्या जहाजाच्या आडवं जाऊ नका, त्याला पटकन थांबताच येत नाही! जहाज जवळ येतंय पण त्याचं बेअरिंग (तुमच्याकडून ते दिसतं ती दिशा) बदलत नाहीये, म्हणजे टक्करच, लगेच स्पीड कमी करा. पाच छोटे भोंगे म्हणजे धोक्याचा इशारा, ते ऐकले तर तुमच्यासाठीच असू शकतात.