बागेच्या श्रमदानाला येताना

मृग लागायच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या बागेत श्रमदान आहे. गेल्या वर्षी मी मोठ्या हौसेने गेलो आणि घोळ घालून आलो, म्हणून हे लिहितोय. टोपी, पाण्याची बाटली, जुने कपडे हे सांगत बसत नाही. बाह्या तेवढ्या पूर्ण हव्यात.

हातमोजे आणाच. गाजरगवताने काहींच्या अंगावर नुसत्या स्पर्शाने पुरळ उठतं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं. बी धरलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी खताबरोबर तेच बागभर पसरेल. लव्हाळा ओढू नका, पात हातात येते आणि गाठ खाली राहते. खुरप्याने खालून उकरा. खुरपं स्वतःचं आणा. बागेत तीन आहेत, त्यातल्या एकाची मूठ निखळलेली आहे आणि धड असलेलं सहा वाजताच येणारे आजोबा पटकावतात.

आता मुख्य गोष्ट. कुदळ उचलण्याआधी विचारा. इथे काय लावलंय, ते विचारा. भिंतीकडेची जागा मोकळी दिसते म्हणून मी वांग्याच्या रोपांसाठी ती खणायला घेतली. वर एक पानही नव्हतं. तिसऱ्या घावाला कापरासारखा वास आला आणि मातीत पांढऱ्या गाठींचे तुकडे दिसले. भुईचाफा! त्याची फुलं उन्हाळ्यात पानांशिवाय जमिनीलगत येतात, ती सरली की पाऊस पडेपर्यंत वर काहीही दिसत नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी तो माहेराहून, सावंतवाडीहून, आणलेला. त्या काही बोलल्या नाहीत. वाटी घेऊन आल्या आणि खाली बसून एकेक तुकडा वेचत राहिल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.

हळदीचंही तसंच, पानं थंडीतच वाळून गेलेली असतात. सुरणही खाली झोपलेला असतो, आणि तो कापलात तर वर हाताला खाज. म्हणून विचारा. माळ्याला विचारा, काकूंना विचारा. 'मला माहीत आहे' असं वाटलं तर दोनदा विचारा.

शनिवारी संध्याकाळी काकूंना घेऊन बागेत एक फेरी मारायची आणि जिथे कंद आहेत तिथे बांबूच्या काठ्या रोवायच्या, वर जुन्या साडीच्या काठाची चिंधी. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहायचा उद्योग करू नका, पहिल्या वळवात वाहून जातात. काठ्या मी आणतो. चिंध्या प्रत्येकाने आणाव्यात.

कंपोस्टच्या खड्ड्यात ओला कचरा टाकलात की वर वाळका पाला घाला, नाहीतर चिलटं होतात आणि तक्रार माझ्याकडे येते. मावा या किडीसाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून १ लिटर पाणी करा आणि फवारा संध्याकाळी मारा, उन्हात नाही. आच्छादन खोडाला चिकटवू नका, खोड कुजतं. दुधाच्या पिशव्या वेगळ्या पोत्यात. हत्यारं धुऊन ठेवा. नळ बंद करा.

चहा सोसायटीतर्फे, कप आपापला. आणि कुदळ घेऊन भिंतीकडे निघालात तर आधी तळमजल्याची बेल वाजवा.