फोरकास्टची दुसरी ओळ: रॅगलनला नव्याने पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकायला आलेली आपली पोरं पहिला उन्हाळा संपायच्या आत एकदा तरी समुद्रकाठच्या रॅगलनला जाऊन येतातच, जेमतेम ४८ किलोमीटर, पाऊण तासाचा रस्ता, आणि त्यातली दोन-चार सर्फिंगच्या, म्हणजे बोर्डावरून लाटेवर स्वार होण्याच्या, नादाला लागतात ती कायमची. हे त्यांच्यासाठी लिहितेय. उभं कसं राहायचं, पॅडल कसं मारायचं हे माझ्याकडून शिकू नका, माझा गुडघा अजून बोर्डावर टेकतो. पण उद्या समुद्र कसा असेल हे वाचायला मात्र मी बरीच धडपड करून शिकलेय, आणि याबाबतीत नवीन लोकांना इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं जातं की राहवत नाही.

आधी एक कडू गोष्ट. मानू बे, व्हेल बे, इंडिकेटर्स हे तिन्ही पॉइंट, म्हणजे जिथे लाट खडकाळ टोकाला वळसा घालत फुटते त्या जागा, नवशिक्यांसाठी नाहीत. डावीकडे फुटणाऱ्या लांबच लांब लाटा, खाली दगड, आणि टेक-ऑफची, म्हणजे लाट पकडून उभं राहायची, जागा एकच, त्यामुळे तिथे तीस जण बसलेले असतात आणि सगळ्यांना तीच लाट हवी असते. फोटोत फार सोपं दिसतं. शिकायचं तर न्गारुनुई बीचवर, वाळू आहे, उन्हाळ्यात लाइफगार्ड असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहणारे असतात, बोर्डवाल्यांनी त्यांच्यापासून बाजूला राहायचं. पॉइंटवर जायची घाई करू नका. पण पॉइंटचा फोरकास्ट मात्र पहिल्या दिवसापासून वाचायला लागा, त्याला पैसे पडत नाहीत आणि दगडही लागत नाहीत. वाचायचा, अंदाज वहीत लिहायचा, मग मानू बेच्या कार पार्कमध्ये जाऊन बघायचं की आपण किती चुकलो. हा अभ्यास कोरड्या कपड्यात होतो. बहुतेकांना तो कंटाळवाणा वाटतो, वाटू दे.

वाऱ्याचं फार सांगत नाही कारण ते तुम्हाला माहीतच असणार. आग्नेयेचा वारा इथे जमिनीकडून समुद्राकडे जातो, लाट छान उभी राहते. वायव्येचा आला की सगळा खिचडा. एवढंच लक्षात ठेवा की आकड्यात दिलेली दिशा वारा जिथून येतो ती असते, आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांसारखीच, पण ॲपमधला बाण बहुधा वारा जिकडे चाललाय तिकडे तोंड करून असतो, आणि यावरून एकाच गाडीत बसलेल्या दोन इंजिनिअर लोकांना मी भांडताना पाहिलंय.

नकाशा मात्र बघायला शिका. नुसते आकडे नाही, हवेच्या दाबाचा नकाशा, मेटसर्व्हिस या इथल्या हवामान संस्थेच्या साइटवर असतो. इथे सगळं आपल्याकडच्या उलटं फिरतं, कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि जास्त दाबाभोवती उलटा. त्यामुळे आठवड्याला एक ठरलेली चाल येते: टास्मान समुद्रातून फ्रंट (गरम आणि गार हवेमधली सीमा) येतोय म्हणजे आधी वायव्येचा गरम दमट वारा, मग पाऊस, मग वारा झटक्यात नैऋत्येला वळतो आणि गारठा येतो. त्यामागून जास्त दाबाचा पट्टा सरकत येतो, वारा दक्षिणेकडून आग्नेयेला फिरतो आणि पडत जातो. फ्रंटला जन्म देणाऱ्या त्या वादळाने खाली दक्षिण महासागरात उठवलेल्या लाटा साधारण याच सुमाराला नैऋत्येकडून पोचतात. लाट आली आणि वारा पडला, या दोन गोष्टी जुळल्या की रॅगलन. ही जुळणी नकाशावर चार-पाच दिवस आधी दिसते, तास सांगता येत नाही पण दिवस सांगता येतो, आणि ज्या दिवशी तुम्हाला ती स्वतःहून दिसेल त्या दिवशी फार भारी वाटतं, खरंच सांगते.

आता मुख्य मुद्दा, ज्यात मी अडकले आणि ज्यात दरवर्षी कोणी ना कोणी अडकतंच. याला वेळ लागेल, लागू दे.

विंडगुरू किंवा विंडी ही फोरकास्टची ॲप उघडली की लाटांच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात. वर एकूण लाटांची उंची, खाली स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघून आलेल्या लाटा, त्याच्या खाली स्वेल २, म्हणजे दुसरीकडून किंवा दुसऱ्या वेळी आलेल्या. आपण सगळे वरची ओळ बघतो. फार तर त्याखालची स्वेलची. पुढे मी स्वेलला पहिली ओळ आणि स्वेल २ ला दुसरी ओळ म्हणतेय. समजा शनिवारी सकाळी स्वेलच्या ओळीत १.१ मीटर, ९ सेकंद, आणि खाली स्वेल २ मध्ये ०.८ मीटर, १७ सेकंद असं लिहिलंय. वाचणारा म्हणतो, काल दीड होतं, आज एक, म्हणजे उतरतंय, छोटं आहे, आपल्यासारख्यांना बरं.

चूक. तो ०.८ वाला छोटा नाहीये. तो नवा आहे.

सेकंद म्हणजे दोन लाटांमधला वेळ, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण त्याचा अर्थ काय ते कुणी नीट सांगत नाही. खोल समुद्रात ९ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १२५ मीटर असते, १७ सेकंदांच्या लाटेची ४५० मीटर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे पहिलीला साठेक मीटर पाण्यात आणि दुसरीला सव्वादोनशे मीटर पाण्यात. लांब लाट फार आधीपासून तळाला घासत, वळत, गोळा होत येते आणि किनाऱ्याशी जास्त उंच होऊन फुटते. फुटतानाची उंची काढायचं जे ढोबळ सूत्र आहे त्यात उंचीचा वर्ग गुणिले सेकंद येतं, तर हे दोन आकडे घालून बघा: १.१ चा वर्ग गुणिले ९ आणि ०.८ चा वर्ग गुणिले १७. दोन्ही १०.९ च्या आसपास. म्हणजे तुमच्या दृष्टीने किरकोळ असलेली दुसरी ओळ किनाऱ्यावर पहिलीइतकीच उंच फुटणार, शिवाय पॉइंटला वळसा घालून आत येण्यात ती जास्त पटाईत, कारण लांब लाट जास्त वळते. रॅगलनचे पॉइंट कारिओई डोंगराच्या पायथ्याशी वायव्येकडे तोंड करून आहेत आणि लाट येते नैऋत्येकडून, तिला वळावंच लागतं. ९ सेकंदवाली त्यात बरीच ताकद घालवते.

आणि अजून संपलेलं नाही. त्याच वादळातून निघालेल्या लाटांमध्ये जास्त सेकंदांच्या लाटा जास्त वेगाने येतात. वादळ दोन हजार किलोमीटर दूर असेल तर १७ सेकंदवाल्या सुमारे ४२ तासांत पोचतात, १२ सेकंदवाल्यांना जवळपास ५९ तास लागतात. सीएसएमटीहून एकाच वेळी निघालेली फास्ट आणि स्लो लोकल डोंबिवलीला एकत्र पोचत नाहीत तसंच. म्हणून स्वेल २ मध्ये १६, १७, १८ असे आकडे उगवले की समजायचं पहिली गाडी आलीये, बाकीच्या मागे आहेत, आणि दुपारपर्यंत ०.८ चं दीड मीटर होणार. तुम्ही पाण्यात असतानाच.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. नव्या लांब स्वेलचे सुरुवातीचे सेट तुरळक असतात. पाच-सहा मोठ्या लाटा येतात, मग पंधरा-वीस मिनिटं काही नाही. त्या शांततेत तुम्ही कार पार्कमध्ये पोचता, दोन मिनिटं बघता, समुद्र अगदी सुस्त, म्हाताऱ्या ९ सेकंदवाल्या लाटा कशाबशा येताहेत, आणि वेटसूट चढवता. माझंही तेच झालं. पोचताना काही वाटलं नाही, बाहेर बसल्यावर दहा मिनिटं छान गेली, आणि मग क्षितिजावर जी रेघ दिसली ती माझ्या अंदाजाच्या वहीत कुठेच नव्हती. इजा वगैरे काही झाली नाही, पण मला बाहेर काढायला दुसऱ्या माणसाला स्वतःच्या लाटा सोडून माझ्याजवळ यावं लागलं, आणि ते इतकं लाजिरवाणं होतं की घरी येऊन मी फोरकास्टचं पान पुन्हा उघडलं. दुसरी ओळ तिथेच होती. सकाळपासून होती.

अजून एक: ॲपमधली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. सरासरी, कमाल नव्हे. तीन-चार तास पाण्यात बसलात तर एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट येणार हे हिशोबातच आहे, त्याला नशीब म्हणू नका.

म्हणून माझा नियम, तुम्हाला पटो न पटो: दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत १५ सेकंदांच्या वर काही दिसलं तर उतरायच्या आधी अर्धा तास नुसतं बसून बघायचं. दोन मिनिटं नाही, दहा नाही. चहा आणा सोबत. त्या वेळात इंडिकेटर्सकडे बघा, ते सगळ्यात बाहेर आहे, सेट तिथे आधी आणि मोठा दिसतो, मग व्हेल बे, मग मानू बे. इंडिकेटर्सला पांढरं दिसलं की घड्याळ लावायचं, पुढचा सेट किती वेळाने येतो ते मोजायचं. मित्र गाडीतून ओरडत असतात की चल ना, वारा फिरेल. फिरू दे.

हे मला आधी कोणी का नाही सांगितलं याचा विचार केल्यावर लक्षात आलं की ज्यांना मी विचारत होते ते सगळे उत्तम सर्फर होते. उत्तम सर्फर हा वाईट शिक्षक असतो, निदान फोरकास्टच्या बाबतीत, कारण त्याला दोन मीटर आणि तीन मीटर यात फारसा फरक पडत नाही. तो म्हणतो, मस्त आहे, ये. त्यापेक्षा मानू बेच्या रॅम्पवरून बोट घेऊन मासेमारीला जाणाऱ्या काकांना विचारा. त्यांचं पेट्रोल खर्च होतं, बोट आपटली तर त्यांची आपटते, ते दुसरी ओळही वाचतात आणि तिसरीही. एकदम खडूस असतात, पण दोनदा नमस्कार-चमत्कार झाला की भरभरून बोलतात.

तारे देणाऱ्या ॲपवर माझा राग आहे. पाचपैकी चार तारे, पण कुणासाठी? तो तारा माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठीही नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे स्क्रीनशॉट, त्यात हमखास खालची ओळ कापून टाकलेली असते, शिवाय तो कधीच्या रनचा, म्हणजे मॉडेलने कधी काढलेल्या अंदाजाचा, आहे ते कळत नाही. यातल्या बऱ्याच अंदाजांमागचं जीएफएस हे हवामानाचं संगणकी मॉडेल दिवसातून चारदा नव्याने चालतं. गुरुवारी रात्रीचा स्क्रीनशॉट शनिवारी सकाळी शिळा झालेला असतो. आणि वेळ स्थानिक आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते बघा, इथे आपण यूटीसीच्या १२ तास पुढे, उन्हाळी वेळेत १३, एवढ्या फरकात भरतीची ओहोटी होऊन परत भरती होते.

भरतीवरून आठवलं. कोकणातल्या आपल्या लोकांना हा भाग सोपा जातो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, हा हिशोब आमच्या आजोबांकडून आलेला, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग हे इथेही तस्संच चालतं, रोज पाऊण तासाच्या वर भरती पुढे सरकते तेही तसंच. पण तो तास मात्र इथे लागू होत नाही, बंदराबंदराचा वेगळा असतो. लॅंड इन्फॉर्मेशन न्यूझीलंडचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेच वापरा. उधाणाच्या दिवशी पाण्याची चढउतार मोठी, त्यामुळे जाताना जे दगड दिसत होते ते परत येताना पाण्याखाली गेलेले असतात. उतरायच्या आधी बाहेर कुठून यायचं ते ठरवा आणि त्या वेळी पाणी कुठे असेल ते वेळापत्रकात बघा.

घाबरवलं का? तसा हेतू नाही. खरं तर बहुतेक दिवस साधे असतात, एकच स्वेल, १० ते १३ सेकंद, दुसऱ्या ओळीत काहीच दखल घेण्यासारखं नाही, आणि न्गारुनुईवर कमरेएवढ्या लाटेत पडण्या-उठण्यात दुपार निघून जाते. गणित कच्चं असेल तरी चालतं, मी वर दिलेलं सूत्र दर वेळी कोणी करत बसत नाही, थोड्या दिवसांनी आकडे बघितल्यावर पोटात आपोआप कळतं. पहिले काही महिने वहीतला अंदाज सपशेल चुकेल. लिहीत राहा. तारीख, तिन्ही ओळी, वारा, भरती, आणि शेवटी प्रत्यक्षात काय दिसलं, एवढंच. माझ्या वहीतला निम्मा भाग चुकीचा आहे आणि तोच जास्त उपयोगी पडतो.

भारतात असलेल्यांसाठी दोन ओळी: दक्षिणेकडून आलेल्या लांब लाटांचा हा प्रकार आपल्याकडेही आहे, केरळच्या किनाऱ्यावर वादळ-पाऊस काही नसताना पाणी घरात शिरतं त्याला तिकडे कल्लकडल म्हणतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्याचे इशारे देते. एप्रिल-मेमध्ये समुद्र सपाट दिसतोय म्हणून कोकणात कोणी बोर्ड घेऊन निघणार असेल तर आधी इन्कॉइसचं पान उघडा आणि तिथेही सेकंदच बघा.

सामानाचं विचारता म्हणून सांगते. इथलं पाणी हिवाळ्यात १४ अंशांच्या आसपास उतरतं, ४/३ चा (अंगावर ४ आणि हातापायांवर ३ मिलीमीटर जाडीचा) वेटसूट लागतोच, उन्हाळ्यात ३/२ पुरतो. वेटसूट जुना घेतला तरी चालेल, बोर्ड तर जुनाच घ्या. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, मात्र नवीन घ्या, आणि प्रत्येक वेळी पायाला बांधायच्या आधी पूर्ण लांबी हातातून ओढून बघा, कुठे चीर पडलीये का ते.