रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं साचलेला भार कसा मोजायचा

आज बीपी १५० आला. तो गेल्या वर्षी चढला की पंधरा वर्षांपूर्वी, हे या आकड्यात दिसत नाही. रक्तवाहिन्यांची झीज मात्र त्या वर्षांवर ठरते. म्हणून त्याच लोकांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासात दाब आणि काळ यांचा गुणाकार साठवायचा.

समजा एका माणसाचा वरचा बीपी २०१५ मध्ये १३२, २०१९ मध्ये १४० आणि २०२५ मध्ये १५२ आला. लागोपाठच्या दोन भेटींची सरासरी काढून मधल्या वर्षांनी गुणा: १३६ × ४ = ५४४, १४६ × ६ = ८७६. बेरीज १४२० मिमी-वर्षं (बीपीचे मिलिमीटर गुणिले वर्षं). १२० च्या वरचाच भार हवा असेल तर त्यातून १२०० वजा करा, उरतात २२०. सरळ तिन्ही आकड्यांची सरासरी काढू नका. भेटी एका टोकाला दाटल्या की ती फसवते.

गणित सोपं आहे, बिघडतं ते मोजमापात. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवा. आधी अर्धा तास चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. दंड छातीच्या पातळीवर हवा. एकेका मिनिटाच्या अंतरानं तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडा, उरलेल्या दोहोंची सरासरी घ्या. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त येतो. म्हणून दर भेटीत दंडाचा घेर टेपनं मोजून फॉर्मवर लिहाच.

नागपुरात ऋतूचा घोळ मोठा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की रक्तवाहिन्या सैलावतात, घामानं अंगातलं पाणी कमी होतं आणि बीपी उतरतो. थंडीत तो चढतो. तपासणीची पहिली फेरी डिसेंबरात आणि दुसरी मे महिन्यात घेतली तर अख्खी वस्ती सुधारल्यासारखी दिसेल! प्रत्येकाला दर फेरीत त्याच हंगामात बोलवा.

बीपीची गोळी सुरू असेल तर दिसणारा आकडा खरा दाब लपवतो. वरच्या बीपीत १५ मिळवण्याची पद्धत रूढ आहे. ती वापरायची की नाही, हे विश्लेषणाआधीच लिहून ठेवा आणि निकाल दोन्ही प्रकारे काढा.

सिगारेटचा हिशेब पॅक-वर्षांत: रोज २० सिगारेट, एक वर्ष, म्हणजे एक पॅक-वर्ष. बिडी वेगळ्या रकान्यात. खर्रा त्याहून वेगळा. त्यात धूर नाही, म्हणून तो पॅक-वर्षांत कोंबू नका, रोजच्या पुड्या आणि किती वर्षं तेवढं लिहा.

आता झटके, म्हणजे हार्ट अटॅक आणि लकवा, मोजणं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून रुग्ण मेडिकलला (नागपूरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवला की एकाच हार्ट अटॅकची दोन डिस्चार्ज कार्डं होतात. २८ दिवसांच्या आतले एकाच प्रकारचे झटके एकच धरा. अटॅकनंतरचा लकवा वेगळा मोजा. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'हृदय बंद पडलं' असेल तर ते कारण धरू नका, घरच्यांना शेवटच्या दिवसांची लक्षणं विचारा.

सगळ्यात मोठी चूक पुढेच होते. ज्याचा भार जास्त तो लवकर दगावतो, त्याची वर्षं कमी भरतात, आणि बेरीज उलट कमी दिसते. म्हणून भार मोजण्याचा काळ सगळ्यांसाठी सारखा ठेवा, समजा २०१५ ते २०२५, आणि झटके मोजायचे ते त्यानंतरचेच.