‘सरकारनं मधे पडू नये’ म्हणणाऱ्याला काय विचारावं

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. गुळाचे अडते, शिरोलीचे फौंड्रीवाले (धातूचं ओतकाम करणारे), शिरोळकडचे ऊस उत्पादक, सगळे समोर बसून एकच सांगतात: सरकारनं मधे पडू नये. ऐकणारा लगेच म्हणतो, हा पैसेवाल्यांचा विचार. असा शिक्का मारायची घाई करू नका. आधी विचारा, नेमकं कुठलं बंधन काढायचं म्हणताय?

१९५९ साली राजाजींनी, म्हणजे सी. राजगोपालाचारींनी, ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला. लायसन्स-परमिटला विरोध, खासगी मालमत्तेची पाठराखण. संस्थानिक आणि उद्योगपती मागं उभे राहिले, १९६७ला लोकसभेत ४४ जागाही आल्या, पण श्रीमंतांचा पक्ष ही ओळख काही पुसली नाही. पुढं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी खुल्या बाजाराचाच विचार मांडला, तेव्हा रस्त्यावर उतरला तो चाकणचा कांदेवाला. त्याला निर्यातबंदी नडत होती. विचार एकच, पण टोचणी वेगळी.

मग दुसरा प्रश्न: तुमच्या फायद्याचं बंधनही काढायचं का? इथं समोरच्याला वेळ द्या. राज्यात दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर अंतराची अट आहे. कारखानदार खरंच खुल्या बाजाराचा असेल, तर ती त्याला खटकलीच पाहिजे. शेतजमिनीचंही तसंच. शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. फौंड्रीतल्या मोल्डरनं पैसे साठवले तरी रान सहजासहजी त्याच्या नावावर चढत नाही. वडिलोपार्जित बागायत असलेला स्वतंत्रतावादी, म्हणजे ‘सरकार नको’ म्हणणारा, यावर काय बोलतो ते नीट ऐका. माझ्या मते खरी कसोटी हीच.

ऊसवाल्याला मात्र एफआरपीवरनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरावरनं, कोंडीत पकडू नका. खुला बाजार हवा नि दरही सरकारनं ठरवावा, यात विसंगती आहे, कबूल. पण ऊस तुटला की वजन आणि उतारा (उसातनं निघणारी साखर) घटायला लागतो. ट्रॉली कारखान्याच्या यार्डात लागली की तिथनं मागं फिरवायची कुणाची छाती? कारखानदाराकडं साखरेचं गोदाम आहे, तो थांबू शकतो. करार करायचं स्वातंत्र्य दोघांना, थांबायची ऐपत एकालाच. म्हणून १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातला १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम मला रास्त वाटतो. तुमच्या स्वतंत्रतावाद्याला तो का नको, हे त्याच्याकडनंच वदवून घ्या.

हे प्रश्न चारचौघांत नकोत. तिथं माणूस आपल्या गटाचं बोलतो. उत्पन्न तर विचारूच नका, बंधनांवरच्या उत्तरांत ते आपोआप येतं. तो उलटून तुम्हालाही विचारेल, तयारी ठेवा. नियम किचकट आहेत म्हणून माझं ऑफिस चालतं. तरीही जीएसटी इतका सोपा व्हावा की गुळाच्या अडत्यानं स्वतःचं रिटर्न स्वतः भरावं, असं मी कुणालाही सांगतो.