अँपचा बोर्ड गेला? आयसी बदलायच्या आधी या चुका बघा

पोरगा पिशवीतून बोर्ड काढतो, टेबलावर ठेवतो आणि शेजारी मेलेले आयसी ओळीने मांडतो. तीन नग. बोर्ड अँपचा, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या अँप्लिफायरचा. मग म्हणतो, "काका, दुकानवाले सगळे डुप्लिकेट आयसीच देऊन राहिले."

हा प्रवेश माझ्या टेबलावर महिन्यातून एकदा तरी होतो. पोरगा बदलतो, संवाद तोच. डुप्लिकेट माल येतो हे खरं आहे, मीही फसलो आहे. पण एकाच बोर्डावर, एकाच जागी तीन आयसी जात असतील तर चौथा आणायला नागपूरच्या बर्डीच्या बाजारापर्यंत पेट्रोल जाळू नका. पहिला कशाने गेला ते कळल्याशिवाय दुसरा लावणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

मायका लावला म्हणजे झालं, असं समजणं

त्या तीन आयसींचीच गोष्ट सांगतो. टीडीए २०३० या अँपच्या आयसीचे दोन चॅनल, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, आणि सगळं बसवलं होतं फ्रिजच्या जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या डब्यात. डबा झकास होता, पोराने रंगही दिला होता. तक्रार अशी की अर्धा-पाऊण तास मस्त वाजतो, मग फ्यूज उडतो आणि बॉक्समधून जळका वास येतो. एक वूफर आधीच गेला होता. दर वेळी पोराने आयसी बदलला, फ्यूज बदलला, आणि पुन्हा तेच.

मी मीटर डायोडवर, म्हणजे शॉर्ट असला की बीप वाजतो त्या जागी लावला आणि त्याचे तिन्ही 'मेलेले' आयसी तपासले. या आयसीची ३ नंबरची पिन म्हणजे मायनस सप्लाय, ४ आउटपुट, ५ प्लस. ३-४ किंवा ४-५ मध्ये बीप वाजला तर आयसी गेला. तिघांतही बीप नाही. माझ्या टेस्टिंगच्या बोर्डात लावले तर तिघंही ठणठणीत वाजले. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता २०३० च्या पाठीचा जो पत्रा असतो, तो आतून ३ नंबरच्या पिनेला जोडलेला असतो. म्हणजे प्लस-मायनस अशा डबल सप्लायवर त्या पत्र्यावर उणे सतराच्या आसपास व्होल्ट असतात. इथे हीटसिंक, म्हणजे आयसीची उष्णता ओढून घेणारा अॅल्युमिनियमचा तुकडा, डब्याला कसलेला आणि डबा ग्राउंडला, म्हणजे सप्लायच्या शून्याला. मध्ये आड काय, तर उष्णता जाऊ देणारा पण वीज अडवणारा मायकाचा पापुद्रा. तो फुटला की मायनस लाइन सरळ ग्राउंडला. मायनसचा फ्यूज उडतो, प्लसचा शाबूत राहतो, मग आउटपुट शून्यावर टिकत नाही आणि स्पीकरवर डीसी चढतं. स्पीकरची कॉइल एका जागी ताठ उभी राहते आणि नुसती तापते. वास तिचा होता.

पण मायका तर होता. स्क्रूला प्लॅस्टिकचा बुशही होता. मीटर लावला, बीप नाही. झाकण उघडं ठेवून तासभर वाजवला, काही झालं नाही. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "कनेक्टर ढिला होता, कसून दिला, घेऊन जा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा परत हजर, हातात दुसरा वूफर. त्याचे पैसे मी दिले, हे इथे कबूल करून टाकतो.

मग रविवारी दुपारी नीट बसलो. मे महिना, बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही. या वेळी झाकण पूर्ण लावलं, लाइनमध्ये सिरीज बल्ब घातला (शॉर्ट झाला की पेटणारा, कसा जोडायचा ते पुढे सांगतो) आणि गाणी लावून दिली. पंचवीसेक मिनिटांनी बल्ब भक्कन पेटला. लाइन काढली, झाकण उघडलं, हीटसिंकने बोट भाजत होतं तरी मीटरच्या वायरी आयसीचा पत्रा आणि हीटसिंक यांवर टेकवल्या. बीप! दहा मिनिटांत हीटसिंक निवला आणि बीप गायब.

आयसी सोडवला, मायका खिडकीच्या उजेडाकडे धरला. भोकाच्या कडेला सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्याभोवती काळं कडं. हीटसिंकच्या भोकावरून नख फिरवलं तर अडकलं. ड्रिल मारल्यावर कडेला अॅल्युमिनियमची जी बारीक धार उभी राहते, ती कोणी काढलीच नव्हती. थंड असताना ती मायकात नुसती रुतून बसायची. तापून सगळं पसरलं की आरपार. झाकण उघडं असताना ते तेवढं तापतच नव्हतं, म्हणून मला दिसलं नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. भोक पाडलं की १० एमएमचा बिट नुसत्या बोटांनी दोन वेढे फिरवून धार मोडायची, मग पॉलिश पेपर, मग नख. नख अडकलं तर पहिल्यापासून. बीप टेस्ट तीनदा करायची: स्क्रू कसण्याआधी, कसल्यावर, आणि तापलेला असताना. मायकाला लावायची हीटसिंक पेस्ट पोळीला तूप लावतो तेवढी. संत्रा बर्फी थापल्यासारखी लावली तर उष्णता उलट अडते. मायका संपला म्हणून सेलोटेप लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, घरी बायका-पोरंही वाचतात.

नव्या बोर्डाला थेट लाइन देणं

"व्हिडिओवाला तर डायरेक्ट लावते ना काका." लावतो. त्याचा जळालेला बोर्ड तो व्हिडिओत दाखवत नाही.

त्यापेक्षा सिरीज बल्ब बनवा: एक बल्ब होल्डर, एक सॉकेट, लाकडाची पाटी. फेज बल्बमधून फिरून सॉकेटला येते, आणि त्या सॉकेटात अँप. बल्ब तारेचा हवा, पिवळ्या उजेडाचा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. अँपमध्ये शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ६० वॅटच्या बल्बमधून पाव अँपिअरच्या फार वर करंट जात नाही. ट्रान्सफॉर्मर, डायोड, आयसी सगळे वाचतात. सगळं बरोबर असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब एक क्षण चमकतो आणि मंदावतो. तो मंदावताना बघण्यात जो आनंद आहे तो अँप वाजण्यातही नाही, असं माझं मत आहे. एक मात्र आहे, बल्बने शॉक थांबत नाही. २३० व्होल्ट तिथेच असतात, बोटं लांब ठेवा.

बल्ब मंद झाला म्हणून लगेच स्पीकर जोडायचा नाही. आधी स्पीकरच्या जागी मीटर, डीसी मिलिव्होल्टवर. पन्नासच्या आत आलं तर छान. एक-दोन व्होल्ट दिसले तरी थांबा, बारा-पंधरा दिसले तर आउटपुट एका बाजूला चिकटलं आहे. त्यानंतरही पहिला स्पीकर माझा तो ठरलेलाच असतो, जुन्या पोर्टेबल टीव्हीतून काढलेला, १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून. तीन वर्षांत त्याने किती बोर्डांचा पहिला मार खाल्ला असेल! या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. वूफर रिकॉइल करून आणायला चार दिवस लागतात, पण हे गणित ज्याला घाई आहे त्याला कधीच पटत नाही.

ट्रान्सफॉर्मर 'थोडा जास्त' घेणं

१२-०-१२ म्हणजे बारा व्होल्ट नव्हे. चार डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर यांनंतर १२ गुणिले १.४१, म्हणजे सतराच्या आसपास. लोड नसताना त्याहून वर, आणि रात्री लाइन २५० ला चढली की आणखी वर. साध्या २०३० ची मर्यादा दोन्हीकडे १८ व्होल्ट, म्हणजे तो आधीच काठावर बसलेला असतो. त्यावर "आवाज वाढेल" म्हणून १८-०-१८ लावला की पंचवीस व्होल्ट. वाढतो आवाज, एकदाच. जास्त हवा असेल तर टीडीए ७२९४ घ्या, त्याला मोठा ट्रान्सफॉर्मर द्या आणि त्याच्या ९ आणि १० नंबरच्या पिना मोकळ्या सोडू नका. त्या स्टँडबाय आणि म्यूटच्या आहेत, त्यांना साडेतीनच्या वर व्होल्ट मिळाले नाहीत तर बोर्ड ठीक असूनही गप्प बसतो. असे गप्प बसलेले किमान दोन चांगले बोर्ड मी भंगारातून उचलून आणले आहेत आणि आजही वापरतो.

ब्रिज आउटपुटवाल्या बोर्डांवर (हा ब्रिज डायोडचा नव्हे, इथे स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप चालवतो), म्हणजे टीडीए ७२९७, टीपीए ३११६ वगैरे, दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र बांधू नका. डब्यालाही लावू नका. ते ग्राउंड नाही. जुन्या म्युझिक सिस्टिमची तीन वायरींची केबल वाचवायच्या नादात हे होतं.

हम, म्हणजे सतत घुंऽऽ असा आवाज, येत असेल तर बोर्डाला हात लावायच्या आधी व्हॉल्यूम कंट्रोलच्या पत्र्याच्या अंगाला बोट लावा. हम बदलला तर त्याच्या पत्र्याला ग्राउंड नाही. नाही बदलला तर सगळे ग्राउंड मेन कपॅसिटरच्या मधल्या बिंदूवर एका जागी आणा. इथून तिथून ग्राउंड उचलणाऱ्यांचा अँप कूलरच्या मोटरसारखाच वाजणार.

ड्राय सोल्डर, म्हणजे वरून चिकटलेला दिसणारा पण आतून न धरलेला जोड: पेन्सिलच्या मागच्या टोकाने ठोकून बघा, सगळ्यात आधी कनेक्टर.

कपॅसिटर स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करू नका. ठिणगी बघायला मजा येते, मलाही यायची. आता १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन वायरींना बांधून ठेवला आहे.

नागपूरचा उन्हाळा विसरणं

किटच्या पाकिटात जो हीटसिंक येतो तो नागपूर बघून बनवलेला नसतो. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ नोंदलं गेलं होतं, आणि ते सावलीतलं. २०३० मध्ये १० वॅट उष्णता होत असेल तर आतली चिप पाठीच्या पत्र्यापेक्षा ३० अंश वर असते, मायकाचे आणखी आठ-दहा धरा. बंद डब्यात हीटसिंक ९० वर गेला की आत १३० होतात. १४५ च्या आसपास आयसी स्वतःच आवाज बंद करतो. "दुपारी बंद पडते, रात्री चालते" असं ज्याच्या अँपचं होतं, त्याला मी बोर्ड आणायलाच सांगत नाही. हीटसिंक दुप्पट कर, डब्याला खाली आणि वर भोकं पाड, आणि ये चहा प्यायला.

यावर एकाने शक्कल लढवली. अँप कूलरसमोर ठेवला. दीड महिना छान चालला, मग खरखर, मग एक चॅनल बंद. बोर्ड उघडलं तर आयसीच्या पायांमध्ये पांढरा थर, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार वाळून बसलेले. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अर्धा तास घासलं, उन्हात वाळवलं, दोन्ही चॅनल वाजले. एकही पार्ट बदलला नाही. जाताना त्याला म्हटलं, अँप तिथून हलव, ती जागा माणसाची आहे.

तर म्हणतो, "मी तं हॉलमध्ये झोपतो काका, कूलर त्याच्याचसाठी लावला होता."